शेजारच्या प्लॉटवर खोल खोदाई : वाचकांचे प्रश्न आणि माझी उत्तरं

गेल्या अंकात मी पुनर्विकासाच्या कामांतल्या खोल खड्ड्यांबद्दल लिहिलं होतं. दोन-तीन मजली तळघरांसाठी तीस-चाळीस फूट खोदतात, तेव्हा कडेची माती कशाच्या आधारावर उभी राहते, असा तो विषय होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. मी १९८४ साली पायाच्या कामांवर लागले, आणि नोकरीची बहुतेक वर्षं परळ, लालबाग, माहीम भागातल्या खड्ड्यांच्या काठावर गेली. शेवटची काही वर्षं पुण्यात होते. उत्तरं त्या अनुभवातून दिली आहेत.

प्रश्न : आमची सोसायटी १९९१ सालची, चार मजली आहे. शेजारचा बंगला पाडून तिथे तीन तळघरांची इमारत होते आहे. खड्डा आमच्या कंपाउंडच्या भिंतीपासून दहा फुटांवर आहे आणि आत्ताच पस्तीस फूट खोल गेला आहे. आमच्या पार्किंगच्या फरशीत खड्ड्याला समांतर एक लांब भेग पडली आहे. साइटवरचा इंजिनिअर म्हणतो, "काका, हा पुण्याचा काळा पाषाण आहे, तो कुठे हलतोय?" आम्ही काय समजायचं?
— सोसायटीचे सचिव, कोथरूड, पुणे

भेग खड्ड्याला समांतर आहे हे तुम्ही आवर्जून लिहिलंत, ते फार बरं केलंत. फरशी जुनी झाली, खालचा पाइप फुटला, झाडाचं मूळ वर आलं, की भेगा वेड्यावाकड्या जातात. खड्ड्याला समांतर जाणारी लांब, सरळ भेग पडते तेव्हा भेगेपासून खड्ड्यापर्यंतचा जमिनीचा पट्टा खड्ड्याकडे निघालेला असतो. किती निघालाय आणि किती वेगाने, ते आता पाहायचं. आणि ते आजपासून पाहायचं.

त्यासाठी यंत्र लागत नाही. काचवाल्याकडून बोटभर रुंदीच्या पातळ काचेच्या पट्ट्या कापून आणा. भेगेवर आडवी पट्टी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा आणि प्लास्टर ओलं असतानाच त्यावर खिळ्याने तारीख कोरा. भेग अर्धा मिलिमीटर जरी वाढली तरी काच तडकते. दहा-दहा फुटांवर अशा चार पट्ट्या लावा. शिवाय भेगेच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटचे खिळे ठोकून त्यांच्यामधलं अंतर रोज सकाळी एकाच माणसाने, एकाच व्हर्नियरने, म्हणजे बारीक अंतर मोजायच्या सरकत्या पट्टीने, मोजून वहीत लिहावं. पाऊस पडला असेल तर तेही लिहावं. माणूस बदलला की मोजमाप बदलतं, म्हणून एकच माणूस नेमा. तुमच्याकडे एखादे निवृत्त शिक्षक किंवा बँकवाले असतील तर त्यांना सांगा, अशी माणसं हे काम नेटाने करतात.

आता काळा पाषाण. इंजिनिअर म्हणतो ते अर्धं खरं आहे. कोथरूड-कर्वेनगर भागातले जे खड्डे मी पाहिले, त्यांत वर पाच-सहा फूट भराव किंवा काळी माती, मग पिवळसर मुरूम, मग हातोडीने फुटणारा कच्चा खडक आणि त्याखाली खरा बेसॉल्ट असा क्रम होता. वरच्या दहा-पंधरा फुटांना पाषाण म्हणताच येत नाही, आणि तुमच्या कंपाउंडची भिंत, पाण्याची टाकी, ड्रेनेजची लाइन हे सगळं त्या दहा-पंधरा फुटांतच आहे.

खालचा बेसॉल्टही एकसंध नसतो. दख्खनचा खडक म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक पसरलेले थर. एक थर थंड होऊन त्यावर माती धरली, मग पुढचा लाव्हा आला आणि ती माती खाली भाजली गेली. अशा दोन थरांमध्ये कधी कधी विटकरी रंगाचा पट्टा सापडतो, काही इंचांपासून काही फुटांपर्यंत जाड. कोरडा असताना तो कडक लागतो. भिजला की बोटाने उकरता येतो. हा पट्टा खड्ड्याच्या बाजूला उतरता असेल, तर त्याच्यावरचा पक्का पाषाणसुद्धा भिजलेल्या साबणावर ठेवल्यासारखा असतो. त्यामुळे तुम्ही एक करा : सकाळच्या उन्हात गच्चीवरून खड्ड्याच्या भिंतीकडे नीट बघा. विटकरी पट्टा दिसतोय का? दिसत असेल तर तो कुठल्या दिशेला उतरतोय, आणि त्याच्या खालच्या कडेने पाणी पाझरतंय का? मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

वरच्या मुरुमाला आधार म्हणून पुण्यात बहुतेक ठिकाणी जाळी लावून काँक्रीटचा फवारा मारतात. त्या फवाऱ्याची जाडी चार इंच असते, आणि नुसता तो काहीच धरून ठेवत नाही. धरून ठेवतात त्या जाळीतून मागे जमिनीत खोल घातलेल्या लोखंडी सळ्या. वीस-पंचवीस फूट लांबीच्या, किंचित उतरत्या, भोकात ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, भरून पक्क्या केलेल्या. साइटवर त्यांना नेल म्हणतात. फवाऱ्यावर पाच-पाच फुटांवर त्यांच्या प्लेटा आणि नट दिसायला हवेत. प्लेटा नसतील आणि नुसती राखाडी भिंत दिसत असेल, तर काळजीचं कारण आहे. प्लेटा असतील तर तुमच्यासाठी दुसरा प्रश्न उभा राहतो : दहा फुटांवरून वीस फूट लांब सळी घातली, म्हणजे ती तुमच्या हद्दीत आली. ती तुम्हाला विचारून घातली का?

बिल्डरकडे लेखी मागायच्या गोष्टी अशा : खोदाईपूर्वी जमिनीचे थर तपासायला घेतलेल्या बोअरचे अहवाल, आधाराच्या कामाचा सही-शिक्क्याचा नकाशा, भिंत किती सरकली याच्या आजवरच्या नोंदी, आणि काम सुरू होण्याआधी तुमच्या इमारतीची केलेली पाहणी व फोटो. ही शेवटची पाहणी बहुधा झालेली नसते. नसेल तर आज स्वतः करा. प्रत्येक घरातल्या प्रत्येक भेगेचा फोटो, शेजारी पट्टी ठेवून काढा. उद्या "ही भेग जुनीच आहे" असं कोणी म्हणालं तर तेवढाच पुरावा हातात असेल. एक प्रत महापालिकेच्या बांधकाम विभागाला द्या आणि पोच घ्या.

कायदा तुमच्या बाजूने आहे आणि तो जुना आहे. १८८२ च्या इझमेंट ॲक्टमध्ये, ज्याला आपण वहिवाटीच्या हक्कांचा कायदा म्हणतो त्यात, प्रत्येक जमिनीला शेजारच्या जमिनीचा नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क मान्य केला आहे. तो हक्क मोकळ्या जमिनीचा. पण इमारतीचं ओझं असलेल्या जमिनीला असा आधार २० वर्षं शांतपणे, खंड न पडता मिळाला असेल, तर तोही हक्क पक्का होतो, असं त्याच कायद्याचं १५ वं कलम सांगतं. तुमची इमारत तीस वर्षांहून जुनी आहे. पत्र लिहिताना वकिलाकडून या कलमाचा उल्लेख करून घ्या, उत्तराची भाषा बदलते.

दोन सलग दिवस भेग वाढताना दिसली, तर पार्किंगमधल्या गाड्या काढा, टाकी अर्धी रिकामी करा आणि कंपाउंडच्या त्या बाजूला मुलांना खेळू देऊ नका. पलीकडे भिंतीच्या पायथ्याशी मजुरांच्या झोपड्या असतील, तर आधी त्या हलवायला लावा. २९ जून २०१९ च्या पहाटे कोंढव्यात सोसायटीची भिंत शेजारच्या साइटवरच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. आत झोपलेली १५ माणसं गेली, त्यांत लहान मुलं होती. आपल्या पार्किंगची काळजी करताना खाली कोण झोपतंय हे विसरू नका, एवढं मी तुम्हाला हात जोडून सांगते.

प्रश्न : मॅडम, मी सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. डायफ्राम वॉल, म्हणजे चर खणून जमिनीतच ओतलेली काँक्रीटची भिंत, खणताना खड्ड्यात बेंटोनाइटचं पाणी भरतात असं पुस्तकात आहे. नुसत्या चिखलाच्या पाण्याने ऐंशी फूट खोल चर कसा उभा राहतो? आणि शोअर पाईल, सीकंट पाईल यांतलं कधी काय वापरायचं?
— विद्यार्थिनी, सांगली

तुला हा प्रश्न पडला याचा मला आनंद झाला. मलाही पहिल्यांदा हे बघताना विश्वास बसला नव्हता.

बेंटोनाइट ही एक फुगणारी चिकणमाती आहे. आपल्याकडे ती कच्छमधून येते. पाण्यात घोटून रात्रभर ठेवली की ताकासारखं दाटसर द्रावण होतं. हात बुडवून बघशील तर बुळबुळीत, किंचित जड लागतं. चर खणत जातात तसं हे द्रावण वरपर्यंत भरत जातात. त्याची पातळी आजूबाजूच्या भूजलाच्या पातळीपेक्षा चार-पाच फूट वर ठेवतात, म्हणून ते सतत बाहेरच्या बाजूला, मातीत शिरायला बघतं. शिरताना पाणी पुढे जातं आणि बेंटोनाइटचे कण मातीच्या तोंडावर अडकून एक पातळ साय धरतात. दुधावरच्या सायीसारखीच, फक्त उभी. मग द्रावणाचा दाब त्या सायीवर पडतो आणि चराची बाजू आतून दाबून धरली जाते. द्रावणाची पातळी खाली गेली की हा सगळा खेळ संपतो. म्हणून चर उघडा असताना साइटवर रात्री कोणी झोपत नाही.

चर अखंड खणत नाहीत. अडीच ते सहा मीटर लांबीचे तुकडे घेतात, त्यांना पॅनेल म्हणतात. एक पॅनेल खणून झालं की सळयांचा पिंजरा क्रेनने आत सोडतात आणि तळापर्यंत गेलेल्या नळीतून काँक्रीट ओततात. काँक्रीट जड, ते खालून वर चढतं आणि बेंटोनाइटला वर ढकलतं. वर आलेलं द्रावण पंपाने टाकीत जातं, गाळून पुन्हा वापरतात. नळीचं तोंड सतत काँक्रीटमध्ये बुडालेलं राहिलं पाहिजे. ते चुकून वर निघालं की काँक्रीटमध्ये चिखलाची खाच राहते आणि ती खाच पुढे खोदाईच्या वेळी पाण्याची धार होऊन समोर येते. मी अशी एक धार मूठभर जाडीची पाहिली आहे. ती थांबवायला आम्हाला तीन दिवस लागले.

ही पद्धत इटलीत १९५० च्या दशकात रुजली. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचं तळघर अशाच भिंतीच्या आत होतं : साधारण ०.९ मीटर जाड, २१ मीटर खोल, पलीकडे हडसन नदीचं पाणी. २००१ मध्ये मनोरे कोसळले तेव्हा भिंतीला आतून धरणारे तळघराचे मजले गेले आणि राडारोडा उपसताना दक्षिणेकडची भिंत आत सरकू लागली. तेव्हा तिथे आधी पुन्हा माती भरली आणि मगच भिंतीला मागून ओढून धरणारे अँकर खडकात बसवले. त्या भिंतीचा एक भाग आज तिथल्या संग्रहालयात उघडा ठेवला आहे. संधी मिळाली तर बघ.

तुझा दुसरा प्रश्न मी मातीकडून सोडवते. मुंबईत आपण ज्याला शोअर पाईल म्हणतो, ते एका रांगेत शेजारी शेजारी घेतलेले गोल खांब. मध्ये थोडी फट राहते, फटीतून पाणी आणि बारीक माती येते, म्हणून मागे ग्राउटिंग करावं लागतं. भूजल खोल असेल तर हे स्वस्तात भागतं. सीकंट पाईलमध्ये आधी एक सोडून एक साध्या काँक्रीटचे खांब घेतात आणि मग त्यांच्यामध्ये, त्यांना थोडं कापत, सळयांचे खांब घेतात. खांब एकमेकांत गुंततात, फट राहत नाही. समुद्राजवळच्या भरावात, पाणी वरच लागत असेल तर हे लागतं. कुलाबा ते आरे ही ३३.५ किलोमीटरची मेट्रो ३ जवळपास सगळी जमिनीखालून जाते आणि तिच्या अनेक स्थानकांच्या खड्ड्यांभोवती सीकंट पाईल घेतले आहेत. डायफ्राम वॉल सगळ्यांत महाग, पण पुढे तीच तळघराची कायमची भिंत होऊ शकते. पुण्यात दहा-पंधरा फुटांवर खडक लागत असताना यातलं काही न घेता नेल आणि फवाऱ्यावर भागवणं शहाणपणाचं ठरतं.

परीक्षेसाठी मातीच्या दाबाचे रँकिन आणि कूलंब यांचे सिद्धांत पाठ करशीलच. कूलंब हा विजेच्या नियमातलाच कूलंब. मार्टिनिक बेटावर किल्ला बांधणारा फ्रेंच लष्करी इंजिनिअर होता आणि मातीच्या दाबावरचा त्याचा निबंध १७७६ मध्ये छापला गेला. मातीची एक पाचर भिंतीमागे घसरू बघते, एवढीच त्याची कल्पना. तुला साइटवर पहिली समांतर भेग दिसेल तेव्हा ती पाचरीची वरची कड आहे हे लगेच ओळखशील.

प्रश्न : घराच्या मागे डोंगराची बाजू कापून दहा फूट उंचीचा जांभ्याचा बांध घातला आहे, सिमेंटमध्ये. चार पावसाळे झाले, आता बांधाला मध्यावर पोट आलं आहे. आजोबांचा गडगा मात्र त्याच आवारात साठ वर्षं जसाच्या तसा आहे. असं कसं?
— गुहागर

तुमच्या आजोबांच्या गडग्यात सिमेंट नाही, म्हणून तो उभा आहे. दगडावर दगड रचलेला, दोन दगडांमधून पाणी वाटेल तिथून बाहेर पडतं. तुमच्या बांधाला त्या वाटा राहिल्या नाहीत.

आकडेच बघा. तीन मीटर उंचीच्या बांधामागे निचऱ्याची, साधी कोरडी माती असेल, तर बांधाच्या प्रत्येक मीटर लांबीवर साधारण पावणेतीन टनांचा आडवा रेटा येतो. त्याच मातीत वरपर्यंत पाणी साठलं की पाण्याचाच रेटा साडेचार टन होतो, शिवाय भिजलेल्या मातीचा सव्वा टनाहून जास्त. म्हणजे जवळजवळ सहा टन. पाणी तुंबलं आणि बांधावरचा भार दुप्पट झाला. कोकणात जून-जुलैत हे दर वर्षी होतं. त्यात जांभ्याखाली बऱ्याच ठिकाणी पांढरट-गुलाबी चिकणमाती असते. ती भिजली की बांधाचा पायाही सैल होतो.

पोट आलेल्या बांधावर बाहेरून गिलावा करू नका. त्याने उरलेल्या वाटाही बंद होतील. पोट चार बोटांपेक्षा जास्त असेल तर उन्हाळ्यात तेवढा भाग वरून उतरवून पुन्हा बांधावा लागेल. बांधताना मागे फूट-दीड फूट रुंदीची खडीची उभी पट्टी भरा. खडी आणि मातीच्या मध्ये जिओटेक्स्टाइलचं कापड घाला, नाहीतर दोन वर्षांत खडी मातीने भरते. खालून फूटभर उंचीवर आणि मग वर पाच-पाच फुटांवर चार इंची पाइपची भोकं बाहेरच्या बाजूला उतरती ठेवा. बांधाच्या वर डोंगराकडून येणारं पाणी अडवायला एक सिमेंटचं गटार काढा आणि ते बाजूला नेऊन सोडा. पोट कमी असेल तर या पावसाळ्याआधी निदान गटार आणि भोकं तरी करा. भोकं पाडताना बांधासमोर कोणी उभं राहू नये, मागे साठलेलं पाणी एकदम सुटतं.

प्रश्न : मी ड्रेनेज लाइनची छोटी कामं घेतो. चर दहा फूट खोल असतो, पण दोन दिवसांत बुजवतो. एवढ्यासाठी आधार द्यायचा म्हणजे काम परवडत नाही. दोन दिवसांत काय होणार?
— ठेकेदार, सोलापूर

तुम्ही मोकळेपणाने विचारलंत म्हणून मीही स्पष्ट लिहिते. आधार न देता दहा फूट चरात माणूस उतरवू नका. दोन दिवस नाही, दोन मिनिटंही नाही.

एक घनमीटर माती म्हणजे पावणेदोन-दोन टन, एका मोटारीपेक्षा जास्त वजन. माणूस छातीपर्यंत गाडला गेला तरी श्वास घेता येत नाही. डोकं बाहेर असतं, डोळे उघडे असतात आणि बाकीचे उपसेपर्यंत वेळ निघून जातो. सोलापूरच्या काळ्या मातीला उन्हात तडे गेलेले असतात. बाजू सरळ उभी दिसते ती त्या तड्यांच्या मधल्या ढेकळांवर. आय. एस. ३७६४ हे भारतीय मानक दीड मीटरपेक्षा खोल चराला आधार सांगतं.

आणि परवडतं. लोखंडी पत्रे आणि मधले स्क्रू-जॅक एकदा करून घ्या, पुढच्या चरात तेच सरकवत न्यायचे. आधार लावायचा वरून खाली आणि काढायचा खालून वर, माती भरत भरत. काढलेली माती काठावर टाकू नका, निदान पाच फूट लांब टाका. डंपर चराच्या तोंडाशी उलटा घेऊ नका. शिडी कायम चरातच असू दे. या प्रश्नावर मला याहून जास्त काही म्हणायचं नाही.

प्रश्न : आमच्या चाळीला लागून टॉवरचा खड्डा चालू आहे. भिंतीवर, गल्लीत सगळीकडे रंगीत खुणा आणि मीटर लावले आहेत, एक मुलगा रोज येऊन वाचून जातो. आम्ही विचारलं की "सगळं नॉर्मल" म्हणतो. या मीटरांचा खरंच उपयोग असतो का, की दाखवायला असतात?
— लालबाग, मुंबई

उपयोग असतो, पण वाचणाऱ्याने आकडा पुढे कोणाला सांगितला आणि त्या माणसाला काम थांबवायचा अधिकार होता का, यावर तो ठरतो.

२० एप्रिल २००४ ला सिंगापूरमध्ये निकोल हायवेजवळ मेट्रोच्या सर्कल लाइनचा सुमारे ३० मीटर खोल खड्डा कोसळला, चार माणसं गेली आणि रस्ताच खड्ड्यात गेला. तिथे ०.८ मीटर जाड डायफ्राम वॉल होती, भिंतींना आतून आडवं धरणाऱ्या लोखंडी टेकूंच्या ओळींवर ओळी होत्या, मोजमापाची यंत्रं होती. नवव्या ओळीच्या टेकूंचे जोड कमी ताकदीचे निघाले. मऊ समुद्री चिकणमातीची ताकद हिशेबात जास्त धरली गेली होती. आणि भिंतीची हालचाल ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेली तेव्हा काम थांबण्याऐवजी मर्यादाच वाढवली गेली. त्या सकाळी खालच्या कामगारांना लोखंडाचे ठण-ठण आवाज ऐकू येत होते. खड्डा कोसळला दुपारी साडेतीनच्या सुमाराला. मध्ये सहा तास होते.

म्हणून त्या मुलाला "नॉर्मल आहे का" असं विचारू नका. भिंत आजवर किती मिलिमीटर सरकली, गेल्या आठवड्यात किती, आणि कितीवर काम थांबवायचं ठरलं आहे, हे विचारा. चांगल्या भिंतीला खोलीच्या पाव टक्क्याच्या आतबाहेर सरकणं मी चालवून घेत असे, म्हणजे दहा मीटरला पंचवीस मिलिमीटर. तिसरा आकडा त्याला माहीत नसेल तर त्याच्या साहेबांना लेखी विचारा. खड्ड्याच्या खोलीच्या दुपटीएवढ्या अंतरात तुमची चाळ येते, त्यामुळे हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आणि स्वतः पाणी बघा. खड्ड्याच्या भिंतीतून पाणी झिरपणं वाईट नाही, ते स्वच्छ असेल तर. गढूळ झालं की ते मागची जमीन घेऊन येतंय.

हे मला शिकवलं ते आमच्या साइटच्या वॉचमनमामांनी, तुमच्याच भागात, एका जुलैमध्ये. आठ मीटर खोल खड्डा, एका बाजूला दुमजली चाळ. शोअर पाईलमागचं ग्राउटिंग अर्धवट राहिलं होतं, आणि दुसऱ्या ओळीचे टेकू लागण्याआधीच पोकलेनने पाच फूट जास्त खोदलं होतं. पाऊस वाढण्याआधी तळ गाठायची घाई. मी इंजिनिअर होते, सही माझी होती, आणि मी ते होऊ दिलं. रात्री सव्वानऊला मामा ऑफिसात आले, छत्रीचं पाणी गळत होतं. म्हणाले, "बाई, चाळीकडचं पाणी चहासारखं झालंय."

टॉर्च घेऊन गेले. दोन पाईलच्या फटीतून पाणी येत होतं आणि खाली रेतीचा लहानसा ढीग झाला होता. हाताएवढा. वरच्या कठड्यावर आम्ही दोन खिळ्यांना तंगूस ताणून ठेवला होता, सकाळी पट्टी लावली तेव्हा मधला पाईल बावीस मिलिमीटर आत होता. आता अडतीस.

मी मालकांना फोन केला नाही. आधी चाळीत गेले आणि तळमजल्याच्या आठ खोल्या, मग वरच्या आठ, सगळ्यांना जवळच्या शाळेत जायला सांगितलं. एका आजींनी देवघरातला दिवा शांत करायला वेळ मागितला, मी उभी राहिले. मग बाहेर उभे असलेले मुरुमाचे डंपर आत घेतले. आठवडाभर जे खणून काढलं होतं ते परत खड्ड्यात ओतायचं, पाईलच्या पायथ्याशी, उतरता ढीग करून. सरकणाऱ्या भिंतीवर त्या क्षणी दुसरा इलाज नसतो. पहिला डंपर रिता झाला तेव्हा फोरमन माझ्याकडे बघत होता, त्याच्या पोरांची आठवडाभराची मेहनत होती ती. रात्रभरात एकतीस डंपर गेले. मी दर अर्ध्या तासाला तंगूसवर पट्टी लावत होते आणि मामा छत्री धरत होते. एकेचाळीस. बेचाळीस. बेचाळीस.

पहाटे पाचला पाणी पुन्हा स्वच्छ यायला लागलं. सातला पट्टी बेचाळीसच दाखवत होती. ग्राउटिंग पुरं करून टेकू बसवेपर्यंत मी चाळीतल्या लोकांना अकरा दिवस शाळेतच ठेवलं, आणि परत आल्यावर त्या आजींनी आधी भिंतीला हात लावून पाहिलं, मग कुलूप उघडलं.